चार नंबरच्या चेंबरची हिस्टरी

इथे लिहिणारे बहुतेक जण सुरुवातीलाच सांगून टाकतात की आमचा असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. माझं जरा वेगळं आहे. विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवायलाच मला कधी फुरसत मिळाली नाही. भूत असेल तर असो बापडं, त्याचं ते बघून घेईल, मला सकाळची सहा दहाची गाडी पकडायची आहे — एवढंच माझं तत्त्वज्ञान. वय त्रेपन्न. जळगावात वीस वर्षं कॉम्प्युटरचे क्लास चालवले, अर्ध्या गल्लीला की-बोर्डवर बोटं ठेवायला शिकवलं, आणि मग मोबाइल आले, क्लास ओस पडले, एक दिवस मीच शटर ओढलं. ते दुःख आता जुनं झालं. सांगायचं एवढंच, की अंधश्रद्धेला लागणारी ताकदसुद्धा माझ्यात उरलेली नाही. तरी हे घडलं, आणि वर्षभर पोटात ठेवून मी कंटाळलो आहे म्हणून लिहितो आहे.

क्लास बंद झाल्यावर मला धुळ्याला नोकरी लागली. रोजचं अप-डाउन. जायला अडीच तास, यायला अडीच तास, एरंडोल, पारोळा, मुकटी... त्या रस्त्यावरचा एकेक खड्डा मला नावानिशी ओळखतो. धुळ्याच्या अलीकडे, हायवेला लागून, केळी पिकवायचा एक प्लांट आहे. नाव सांगत नाही. रावेर-यावलकडून हिरव्या केळीचे ट्रक पहाटे येतात, बाया क्रेट उतरवून चेंबरमध्ये रचतात, दार बंद होतं, आत पिकवायचा गॅस सोडतात, आणि चोवीस तासांनी दार उघडून हवा बाहेर काढतात. असे पाच चेंबर. चेंबर म्हणजे थंडगार, बिनखिडकीची, दोन ट्रकांचा माल मावेल एवढी खोली. दार मोटरवर सरकणारं, जाडजूड.

गॅस विषारी नसतो, पण बंद खोलीत केळी श्वास घेत असतात. आतली हवा ती हळूहळू खाऊन टाकतात. चोवीस तास त्या दाराआड माणूस राहिला तर तो जिवंत निघत नाही. हे मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं होतं. विसरलो नव्हतो. पण माहीत असणं वेगळं आणि रोज आठवणं वेगळं.

सांगणारे होते सुपडू नाना. आधीची दोन लेकरं गेली म्हणून आईनं जन्मल्या जन्मल्या सुपात घातलं, म्हणून सुपडू. आमच्या खान्देशात हे नाव दर चार घरांमागे सापडतं. नाना मूळचे पाचोऱ्याकडचे, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. प्लांटचं मूळचं रंगीत बटणांचं सॉफ्टवेअर बंद पडलं आणि ते बसवणारी कंपनीच गायब झाली, तेव्हा नानांनी कुठून तरी एक जुना कॉम्प्युटर आणला, त्यावर लिनक्स टाकलं, आणि पाचही चेंबर काळ्या स्क्रीनवर आणून ठेवले. बटणं नाहीत, चित्रं नाहीत. आज्ञा टाइप करायची आणि एंटर. आज्ञाही चक्क मराठीत, फक्त रोमन अक्षरांत. इथे मी देवनागरीतच लिहितो. 'दार ४ बंद'. 'गॅस ४ सुरू'. 'हवा ४ सोड'. मी वीस वर्षं पोरांना कॉम्प्युटर शिकवला, पण यंत्राशी असं घरच्यासारखं बोलणारा माणूस मी पाहिला नव्हता.

नानांच्या दोन सवयी होत्या. पहिली म्हणजे, सकाळी कॉम्प्युटरसमोर बसले की पहिली ओळ टाइप करायचे — '# श्री'. ओळीच्या सुरुवातीला ते चौकटीचं चिन्ह असलं की यंत्र ती ओळ सोडून देतं, काही करत नाही. म्हणजे त्या ओळीचा उपयोग शून्य. पण पत्राच्या माथ्यावर श्री लिहितात तसं नाना काळ्या स्क्रीनच्या माथ्यावर श्री लिहायचे, आणि मगच कामाला हात घालायचे. मी एकदा हसलो. ते म्हणाले, "मास्तर, तुमनं काय जास? एक ओय तं शे." तुमचं काय जातं, एक ओळ तर आहे. खरंच होतं ते.

दुसरी सवय हाळीची. दार बंद करायच्या आधी नाना केबिनमधून उठायचे, चेंबरच्या तोंडाशी जायचे आणि आत तोंड करून तीनदा हाळी द्यायचे. प्रत्येक बाईचं नाव घेऊन. सगळ्या ओ देईपर्यंत हलायचे नाहीत. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी दिवसातून पाच चेंबर, पाच वेळा. म्हणायचे, "यंत्र आंधयं ऱ्हास मास्तर. आपलेच दखनं पडस." यंत्र आंधळं असतं, आपल्यालाच बघावं लागतं.

पाच महिने त्यांनी मला शिकवलं आणि एका पावसाळ्यात झोपेतच गेले. त्यांच्या खुर्चीवर मी बसलो.

आता माझी सवय सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. ज्यांना हे काळ्या स्क्रीनचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी — तुम्ही टाइप केलेली प्रत्येक ओळ यंत्र लक्षात ठेवतं. त्याला हिस्टरी म्हणतात. वरचा बाण दाबला की मागची ओळ समोर येते, पुन्हा दाबला की त्याच्या मागची. पुन्हा टाइप करायची गरज नाही, हवी ती ओळ आली की एंटर मारायचं. कामचुकारांसाठी याहून मोठा शोध लागलेला नाही.

प्रत्येक चेंबरची खिडकी वेगळी, हिस्टरी वेगळी. आणि एका चेंबरचं काम ठरलेलं — दार बंद, गॅस सुरू, गॅस बंद, हवा सोड, दार उघड, तापमान, छोटा पंखा. सात आज्ञा. त्या झाल्या की पुन्हा पहिल्यापासून. काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की चक्र सातचं आहे, त्यामुळे कधीही वरचा बाण सात वेळा दाबला की पुढची आज्ञाच समोर येते. वाचायची गरज नाही. सात वेळा बाण, एंटर. सात वेळा बाण, एंटर. पहाटे चारला उठणाऱ्या माणसाला ही केवढी मोठी चैन आहे, ते अप-डाउन करणाऱ्यालाच कळेल. मी डोळे मिटून काम करायला लागलो. डोळे मिटून म्हणजे खरोखर मिटून. बोटं मोजायची, मी खुर्चीत टेकलेला असायचो.

हाळी? ती मी पहिल्या महिन्यातच सोडली. दार बंद होताना भोंगा वाजतो, बायांना कळतं, त्यांना काय कान नाहीत का — असं मी स्वतःला सांगितलं. खोटं कशाला बोलू, खुर्चीतून उठायचा कंटाळा यायचा.

गेल्या वर्षीची गोष्ट. आखाजी दोन दिवसांवर आली होती. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि खान्देशात तो सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्यामुळे प्लांटवरच्या नऊ बायांपैकी सहा आपापल्या माहेरी निघून गेल्या होत्या. उरल्या तीन. त्यातली एक सुमनअक्का. शिंदखेड्याकडची, पन्नाशीची, नवरा कधीच गेलेला. तिला माहेर म्हणावं असं काही राहिलं नव्हतं, एक भाऊ होता तोही दोन वर्षांपूर्वी वारला. पण त्या दिवशी सकाळी ती रत्नाला, म्हणजे दुसऱ्या बाईला, म्हणाली होती की दुपारी मीही निघेन, भावजयीनं निरोप धाडलाय. हे मला नंतर कळलं.

ऊन असं, की डांबर मऊ झालेलं. अशा दिवसांत बाया काय करायच्या, तर माल रचून झाला की दोन-पाच मिनिटं चेंबरमध्येच बसायच्या. थंडगार. बाहेर चव्वेचाळीस, आत सोळा-सतरा. मला हे माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. सुमनअक्का कधी कधी काचेतून खूण करून सांगायची, "भाऊ, दोन मिनिट मजार बसस. बाहेर जीव भाजी ऱ्हायना." मजार म्हणजे आत. मी हात हलवायचो.

त्या दिवशी तिनं सांगितलं नाही. आदल्या रात्रीपासून पोटात काही नव्हतं, अंगात कणकण होती, चक्कर आली म्हणून ती चार नंबरच्या चेंबरमध्ये क्रेटच्या रांगेमागे टेकायला गेली. बाकीच्या दोघी बाहेर नळावर हातपाय धूत होत्या. आतून दार उघडायला एक लाल मूठ असते, ती चारची निखळून महिना झाला होता. मी रजिस्टरमध्ये नोंद करून ठेवली होती. नोंद करून मूठ बसत नाही, हे वेगळं.

सकाळचे सव्वा अकरा. मी केबिनमध्ये. समोर काच, काचेपलीकडे चेंबरची दारं. चारची खिडकी उघडली, सात वेळा बाण, एंटर. 'दार ४ बंद'. भोंगा वाजला, दार सरकलं, लागलं. पुन्हा सात वेळा बाण, एंटर. आता गॅस सुरू व्हायला हवा. माझे डोळे मिटलेले होते.

गॅस सोडला की फुस्स असा बारीक आवाज येतो. तो आलाच नाही. त्याऐवजी भोंगा पुन्हा वाजला. मी डोळे उघडले तर चारचं दार परत सरकत उघडत होतं, आणि छतावरचा मोठा पंखा, जो मी दोन वर्षांत कधी चालू झालेला पाहिला नव्हता, तो घरघर करत फिरायला लागला होता. चेंबरमधली सगळी थंड हवा धबधब्यासारखी बाहेर आली. काचेवर वाफ धरली.

मी शिवी हासडली. मनात आलं, झालं, बाण कमीजास्त दाबला, आता पुन्हा चेंबर गार करा, अर्धा तास गेला. एवढंच मनात आलं, बाकी काही नाही. नळावरच्या रत्नाला गार हवा लागली म्हणून ती मजेनं दाराशी आली, पदर पसरून उभी राहिली, आणि तिला क्रेटच्या मागून बाहेर आलेला पाय दिसला.

पुढचं भराभर झालं. रत्ना ओरडली, मी धावलो, आम्ही तिघांनी सुमनअक्काला उचलून बाहेर आणलं. शुद्ध नव्हती. प्लांटच्या शेठची गाडी होती म्हणून बरं, वीस मिनिटांत दवाखान्यात. साखर खाली गेली होती, बीपी खाली गेलं होतं, डॉक्टर म्हणाले वेळेवर आणलंत. दुसऱ्या दिवशी ती उठून चहा पीत होती.

मी मात्र दवाखान्याच्या बाकड्यावर बसून दुसरीच गोष्ट मोजत होतो. दार लागलं होतं. मूठ नव्हती. रत्नाला वाटलं असतं, अक्का माहेरी गेली. भावजयीला वाटलं असतं, आली नाही. दोन दिवस तिला कुणीही शोधलं नसतं. आणि दुसऱ्या दिवशी सव्वा अकराला मी दार उघडलं असतं, सात वेळा बाण दाबून, डोळे मिटून. माझ्या बोटांनी एक बाई मेली असती आणि मला कळलंही नसतं. हे मनात आलं आणि मी बाकड्यावरून उठून सरळ बाहेर पडलो.

संध्याकाळच्या आधी प्लांटवर परत आलो. केबिन जशी सोडली तशी होती, कुलूप मीच लावलं होतं. चारच्या खिडकीत हिस्टरी काढली. तारीख-वेळेसकट सगळ्या ओळी येतात. शेवटच्या तीन अशा होत्या —

अकरा पंधरा — दार ४ बंद

अकरा सतरा — # श्री

अकरा सतरा — दार ४ उघड; हवा ४ जोर

त्यापुढे काही नाही.

मी एंटर दोनदा दाबलं होतं. एकदा दार बंद करायला आणि एकदा गॅससाठी. दुसऱ्या वेळी एकदाच. आणि त्या एका एंटरला ओळी दोन होत्या.

आता जे तज्ज्ञ लोक खाली उत्तरं लिहिणार आहेत त्यांचा वेळ वाचवतो, कारण ती सगळी उत्तरं मी स्वतःला देऊन झाली आहेत. हॅक झालं असेल? ते यंत्र इंटरनेटला जोडलेलंच नाही, त्याला तशी वायरच नाही. बाण सातऐवजी चार वेळा दाबला गेला? मान्य, मग 'दार ४ उघड' आलं असतं, दार उघडलं असतं, आणि मी हे इथे लिहीत बसलो नसतो. पण मग ओळ तेवढीच असती. अर्धविराम टाकून दोन आज्ञा एका ओळीत मी दोन वर्षांत एकदाही लिहिल्या नव्हत्या. नानांची जुनी ओळ वर आली? तेही बघितलं. ही हिस्टरी पाचशे ओळींचीच असते, नवीन आली की जुनी गळते. दिवसाला सात ओळी, नानांना जाऊन दोन पावसाळे होत आलेले. त्यांची शेवटची ओळसुद्धा कधीच गळून गेली होती. मी दर सोमवारी पेनड्राइव्हवर कॉपी काढतो, तीही चाळली. सगळ्या पाचशे ओळींत 'श्री' कुठेही नाही.

आणि 'हवा ४ जोर' ही आज्ञा? ती अस्तित्वात आहे हेच मला माहीत नव्हतं. मला फक्त 'सोड' माहीत होतं. शोधलं तेव्हा सापडली, नानांनी लिहून ठेवलेली छोटीशी फाइल, माझ्या येण्याच्या आधीची. मोठा पंखा पूर्ण जोरात. त्यांनी मला ती कधी शिकवली नाही, बहुतेक कधी लागलीच नसेल म्हणून.

बोटांनी झोपेत टाइप केलं असेल, असं माझी बायको रेखा म्हणते. असेलही. पण जी आज्ञा मला माहीतच नाही ती माझ्या बोटांना कुठून माहीत? स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढलाय. पण फोटोचं काय घेऊन बसलात — तो मीच टाइप करून काढला असं कुणीही म्हणेल, दुसऱ्यानं दाखवला असता तर मीही तेच म्हणालो असतो.

सुमनअक्काला आत काही दिसलं का, हाक ऐकू आली का, असं लोक विचारतील. नाही. तिला काहीही ऐकू आलं नाही. मी स्वतः विचारलं होतं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे.

दुसऱ्या दिवशी शेठ आले. कांतीशेठ म्हणजे राजस्थानातून आलेल्या घराण्यातली तिसरी पिढी, भला माणूस, पण घाबरलेला होता. प्लांटवर बाई मेली असती तर काय झालं असतं, हे त्यालाही कळत होतं. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "मास्टरजी, तुम्हाला कसं कळलं ती आत आहे?"

मी तोंड उघडलं. मला म्हणायचं होतं, की मला नाही कळलं. तोंडातून निघालं, "शंका आली. म्हणून उघडलं."

बस, एवढंच. चार शब्द. त्यावर शेठनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "आपने लाज रख ली." देव तारी त्याला कोण मारी, वगैरे झालं. चार दिवसांनी प्लांटच्या अंगणात खुर्च्या मांडून माझा सत्कार. शाल, श्रीफळ. रत्नानं मला ओवाळलं. सुमनअक्का पहिल्या रांगेत बसली होती, हातात अजून सलाइनची पट्टी. ती एकटक माझ्याकडे बघत होती. मी ती शाल खांद्यावर घेऊन उभा होतो आणि मला घाम सुटला होता. लोकांना वाटलं, ऊन.

लाल मूठ त्याच आठवड्यात बसली. मी हाळी द्यायला लागलो. आणि बाण मोजणं तर बंदच पडलं, कारण त्या जास्तीच्या दोन ओळींनी माझं सातचं चक्र मोडलं होतं. पुन्हा जुळवून घेता आलं असतं, पाच मिनिटांचं काम. नाही जुळवलं. आता प्रत्येक ओळ टाइप करतो आणि वाचून एंटर मारतो. पाच चेंबरला पाऊण तास जास्त लागतो. थकवा होता तेवढाच आहे, उलट थोडा वाढलाच. पण ते खोटं... ते काही केल्या उतरेना. लोक कौतुक करायचे आणि मला तिथून पळून जावंसं वाटायचं. शाल कपाटात तळाला घातली. रेखा विचारायची, पांघरत का नाही? काय सांगणार.

यंदाच्या आखाजीला सुमनअक्काचा फोन आला. म्हणाली, भाऊ, मी जळगावला येते, तुमच्या घरी. मला माहेर नाही, तुम्ही जीव वाचवला, तर आता तेच माहेर. मी नाही म्हणू शकलो नाही. रेखाला तर आनंदच झाला.

ती बसनं आली. फडक्यात बांधून खापरावरच्या पुरणपोळ्या आणलेल्या, या एवढ्या मोठ्या, रुमालासारख्या. रेखानं आंब्याचा रस केला होता. आम्ही खाली बसलो जेवायला. रेखा रस आणायला आत गेली, आणि मला वाटलं, आता नाही बोललो तर कधीच नाही. हिच्या हातचं खाऊन मी हे खोटं आणखी किती वर्षं पचवणार?

"अक्का," मी म्हणालो, "त्या दिवशी मी दार मुद्दाम नव्हतं उघडलं. तुम्ही आत आहात हे मला माहीतच नव्हतं. शंका-बिंका काही आली नव्हती. मी खोटं बोललो."

ती पोळी मोडत होती, तशीच मोडत राहिली.

"माले माहीत शे, भाऊ."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काय माहीत आहे?"

"दार लागी ऱ्हायंतं तवय माले शुद्ध व्हती. उठता यी ना, बोलता यी ना. क्रेटसनी फटमाईन तुमनी काच दिसे. तुम्ही खुर्चीवर व्हतात. तुमना डोया मिटेल व्हतात, न् बोट चाली ऱ्हायंतं."

म्हणजे दार लागत असताना ती शुद्धीत होती. क्रेटच्या फटीतून तिला माझी काच दिसत होती. काचेमागे मी, डोळे मिटलेला, बोट चालवणारा. आणि त्या फटीतून ते बघत बघतच तिच्यावर दार लागलं.

मी हातातला घास ताटात ठेवला. मग विचारलं, "वर्षभर बोलल्या का नाहीत? माझा सत्कार झाला, तुम्ही समोर बसून होतात."

"बोलीसन काय व्हतं? तुमनी नोकरी गयी ऱ्हाती," ती म्हणाली. "मी म्हनं, मानूस थकेल शे."

रेखा रस घेऊन आली. सुमनअक्कानं माझ्या ताटात अर्धी पोळी टाकली आणि खा म्हणाली. मी खाल्ली. डोळ्यांतून पाणी येत होतं ते रेखानं पाहिलं आणि रसाची वाटी माझ्याकडे सरकवली.

त्या दोन ओळी कुणी लिहिल्या, हे मी अक्काला विचारलं नाही, आणि तिनंही मला विचारलं नाही. मला आजही माहीत नाही. फोटो मधूनमधून उघडून बघतो, अकरा सतरा, अकरा सतरा... आणि बंद करतो. इथे कुणाला उत्तर सुचलं तर लिहा, मी वाचेन, पण फार आशा नाही.

संध्याकाळी तिला स्टँडवर धुळ्याच्या गाडीत बसवून दिलं. रेखानं साडी-चोळी दिली होती, ती पिशवी मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली. गाडी हलायच्या आत मी तिला म्हणालो, अक्का, मला माफ करा. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे, इंजिनाचा आवाज होता. ती खिडकीतून थोडी वाकली, माझ्याकडे नीट बघितलं, आणि म्हणाली,

"झोपनं व्हई तं घर झोपत जा, भाऊ."